इंदूर ते नाशिक : भुरीच्या मागोव्याने

इंदूरच्या मराठी कुटुंबाला आग्रा-मुंबई रस्त्याची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. लग्नकार्य असो, त्र्यंबकेश्वराचे दर्शन असो वा गोदाकाठचा एखादा विधी असो, राऊ मागे टाकून दक्षिणेकडे तोंड केले की सुमारे चारशे किलोमीटरचा हा प्रवास ठरलेलाच. वाटेत कुणी नर्मदेला नमस्कार करतो, कुणी बिजासन घाटात देवीपुढे नारळ वाढवतो, कुणी चांदवडला होळकरांचा रंगमहाल पाहण्यासाठी थांबतो. यंदा पौषात आम्ही याच वाटेने गेलो, पण नजर मात्र सर्व वेळ रस्त्याकडेच्या पानांवर होती. थंडीच्या दिवसांत आपल्यापैकी कुणाच्याही परसात डोकावले तरी एकच तक्रार कानी पडते : गुलाबाच्या कोवळ्या फुटीवर, झिनियाच्या पानांवर, भोपळ्याच्या वेलावर कुणी तरी पीठ भुरभुरवून गेले आहे. त्या पिठाचा माग काढीत जावे, एवढाच या प्रवासाचा हेतू.

मराठीत या रोगाला भुरी म्हणतात. शेजारच्या भाषांनीही त्याला जे दिसले तेच नाव दिले आहे. मध्य प्रदेशातील शेतकरी त्याला भभूतिया म्हणतो, कारण पानाला विभूती फासल्यासारखी दिसते. राजस्थानात तो छाछ्या होतो, जणू पानावर ताक सांडले आहे. बडोद्याच्या वाचकांच्या कानांवर भूकी छारो हे नाव आले असेल. बेळगावकडे कानडी शेजारी बूदी रोग म्हणतो आणि हैदराबादेत तेलुगू माळी बूडिद तेगुलु म्हणतो. दोन्हींचा अर्थ राखेचा रोग. विभूती, ताक, राख ही सारी नावे डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची आहेत. त्या राखेखाली काय चालते, हे मात्र नावांवरून कळत नाही.

राऊपासून महू-मानपूरपर्यंत माळव्याचे पठार आहे. थंडीत इंदुरी स्वयंपाकघरात मटाराची कचोरी होते, तो मटार याच काळ्या जमिनीतला. रस्त्याकडेच्या एका शेतात उशिरा पेरलेल्या मटारावर भुरी स्पष्ट दिसत होती; पाने, वेलाचे ताणे, शेंगासुद्धा पांढरट. लवकर पेरलेले पीक बहुधा यातून सुटते, कारण भुरी जोर धरण्याच्या आत त्याच्या शेंगा तोडून झालेल्या असतात.

ही राख म्हणजे एक बुरशी आहे. तिचा बीजाणू पानावर पडला की बारीक तंतू फुटतो. तो पानाच्या वरच्या कातडीतील पेशीत एक शोषक मूळ घालतो आणि तिथूनच अन्न ओढून घेतो. बाकीचा सारा संसार पानाच्या पृष्ठभागावर. अनुकूल हवेत पाच-सात दिवसांत त्या तंतूंवर नव्या बीजाणूंच्या माळा उभ्या राहतात आणि वाऱ्याची झुळूक त्यांना पुढच्या पानावर नेते. आपल्याला जी पावडर दिसते, ती म्हणजे या माळाच.

बुरशी म्हटली की ओल हवी, पाऊस हवा, अशी आपली समजूत असते. भुरी तिला अपवाद आहे. तिच्या बीजाणूला रुजण्यासाठी पानावर पाणी लागत नाही. उलट साचलेल्या पाण्यात तो बहुधा फुटून नष्ट होतो. तिला हवी कोरडी पाने, थोडी दमट हवा, वीस ते सत्तावीस अंशांच्या आसपासचे तापमान आणि सावली. माळव्यातला हिवाळा तिला म्हणूनच मानवतो : दिवसा ऊबदार, रात्री थंड आणि पावसाचा पत्ता नाही.

दुसरा गैरसमज असा की एका झाडाची भुरी बागभर पसरते. दिसायला सारख्या असल्या तरी मटाराची, गुलाबाची, भोपळ्याची आणि द्राक्षाची भुरी या निरनिराळ्या बुरशा आहेत. गुलाबावरची भुरी मटारावर जात नाही. एकाच आठवड्यात दोघांवर ती दिसली तर त्याचे कारण हवा. परस्परांचा संसर्ग नव्हे. तेव्हा एका रोगट गुलाबासाठी सारी बाग औषधाने न्हाऊ घालण्याचे कारण नाही.

मानपूरचा घाट उतरला की निमाड लागतो आणि हवा बदलते. खलघाटला नर्मदा ओलांडून पुढे गेलो की निमाडची प्रसिद्ध मिरची दिसू लागते. मिरचीची भुरी फसवी आहे. पानाच्या वरच्या बाजूला केवळ पिवळे डाग दिसतात. पांढरी बुरशी पानाच्या पाठीवर असते आणि तिचे तंतू पानाच्या आतही शिरतात. पाने गळू लागली की शेतकऱ्याला वाटते पाणी कमी पडले. पान उलटून पाहिल्यावाचून हे कळत नाही. कुंडीत मिरची लावणाऱ्या प्रत्येक गृहिणीने ही सवय लावून घ्यावी.

बिजासन घाट, पळासनेर, शिरपूर, तापी, धुळे, मालेगाव असे टप्पे मागे पडत चांदवड येते, आणि तिथून पिंपळगाव बसवंत, ओझरपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. ज्याच्या परसात भुरी येते त्याची दोन फुले वाया जातात. इथे भुरी आली तर वर्षाचे उत्पन्न जाते. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी झाल्यापासून काढणीपर्यंत कर्ज, मजुरी, खते, सारे त्या घडांवर टांगलेले असते. मणी धरल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे सर्वांत नाजूक. त्या काळात भुरी बसली की मण्याची साल मरते, तिची वाढ थांबते. आतला गर मात्र फुगत राहतो आणि मणी तडकतो. तडकलेल्या मण्याला बाजारात किंमत नाही.

म्हणूनच इथला बागाईतदार सकाळी मांडवाखाली वाकून चालतो. कडेचे, उन्हातले घड तो ओझरतेच पाहतो. दाट पानांच्या सावलीतील घड मात्र हात घालून वर उचलतो, दांडा तिरप्या उजेडात धरतो आणि राखेचा पहिला ठिपका शोधतो. जिथे सावली अधिक, तिथे भुरी आधी येते. उघडे ऊन तिला सोसत नाही. जादा फुटी काढणे, घडांभोवतालची पाने विरळ करणे हे श्रम औषधाइतकेच, किंबहुना औषधाच्या आधीचे आहेत.

या मांडवांखाली उभे असताना युरोपची एक जुनी हकीकत आठवल्यावाचून राहत नाही. १८४५ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला काचघरातील द्राक्षवेलींवर ही भुकटी दिसली. १८४७ मध्ये बर्कली या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला टकरचेच नाव जोडले. लवकरच ती फ्रान्सच्या मळ्यांत पोहोचली आणि १८५४ च्या हंगामात तिथले द्राक्षमद्याचे उत्पादन नेहमीच्या एक तृतीयांशाहूनही खाली आले. टकरने गंधक व चुना वापरला होता. १८५२ मध्ये व्हर्सायच्या बागेतील ग्रिझाँ या माळ्याने हीच द्रव्ये उकळून द्रावण केले, आणि पुढे गंधकाची भुकटी धुरळून फ्रान्सचे मळे सावरले. एवढ्या मोठ्या संकटाचा तोडगा प्रथम माळ्यांच्या हातून निघाला, हे घरच्या बागेत राबणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. भुरीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेली तिकडे आणल्या गेल्या, त्या काळातच मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही कीड युरोपात शिरली. १८७८ च्या सुमारास केवडा रोगही आला, आणि त्यावर १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण पुढे आले. येथेच एक भेद ध्यानात ठेवावा : केवड्याला ओली पाने लागतात आणि त्याचा वैरी तांबे, भुरीला कोरडी पाने चालतात आणि तिचा वैरी गंधक.

आता घरच्या बागेकडे वळू. प्रथम ती भुरीच आहे याची खात्री करावी. काही भोपळ्यांच्या पानांवर शिरांलगत जन्मतःच रुपेरी पट्टे असतात. जड पाणी शिंपडल्यास क्षाराचे डागही उरतात. बोटाने चोळल्यावर पीठ निघाले आणि चार दिवसांनी पुन्हा धरले, तर ती भुरी.

मग झाडाला ऊन आणि वारा मिळतो का हे पाहावे. गुलाबाच्या मध्यावरील दाटी काढावी, कुंड्या भिंतीला चिकटवून ठेवू नयेत. युरिया किंवा ताजे शेणखत अधिक घातल्यास लुसलुशीत फुटी येतात आणि भुरी प्रथम त्यांच्यावरच बसते. पहिली दोन-चार रोगट पाने हलकेच खुडून पिशवीत घालावी व बागेबाहेर टाकावी. गुलाबावर सकाळच्या उन्हात पाण्याची जोरकस धार पानांच्या दोन्ही बाजूंनी मारल्यास पुष्कळ बीजाणू नष्ट होतात. मात्र संध्याकाळी पाने भिजवू नयेत, नाही तर काळ्या ठिपक्यांचा रोग येतो.

भोपळावर्गीय वेलांवर दुधाचा उपाय करून पाहण्याजोगा आहे. ब्राझीलमधील बेत्तिओल या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचघरातील झुकिनीवर गाईच्या दुधाच्या फवारणीने भुरी आटोक्यात राहिली. एक भाग दूध व नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी. ज्या रोगाला एका प्रांताने ताकाचे नाव दिले, त्यावर दूध उपयोगी पडावे, हा योगायोग गमतीचा खरा.

याने भागले नाही तर पाण्यात मिसळणारे ऐंशी टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे. पारा बत्तीस अंशांपलीकडे गेला असता गंधकाने पाने करपतात. काकडी-खरबुजाचे वेल तर अधिकच नाजूक. कडुनिंबाचे किंवा अन्य तेल फवारले असल्यास दोन आठवडे गंधक वापरू नये. नाकातोंडावर फडके बांधावे आणि खाण्याच्या भाजीवर फवारल्यास पाकिटावर दिलेला अवधी पाळावा. घरातली मुले वेलावरचा मटार तोडून तिथेच तोंडात टाकतात, हे फवारणाऱ्याने कधीही विसरू नये. झाडात भिनणारी औषधे पुन्हा पुन्हा वापरल्यास बुरशी त्यांना सरावते. गंधक दीड शतकाहून अधिक काळ टिकून आहे ते उगाच नव्हे.

आणखी एक. भुरी आलेल्या पानावर लहानसा पिवळा ढालकिडा फिरताना दिसला तर त्याला मारू नये. त्याची एक जात ही भुरीच खरवडून खाते.

मोठा बागाईतदार आणि चार कुंड्यांचा धनी यांच्यातले अंतर कितीही असो, भुरीपुढे दोघांचे पहिले साधन एकच. गंधक हे मुख्यतः रोखण्याचे औषध आहे. पांढरे पडून वाळलेले पान ते पुन्हा हिरवे करीत नाही. पण भुरीचा संसार पानाच्या वरवर असल्यामुळे पहिला ठिपका सापडला तर ती सहज आवरते, आणि पाच-सात दिवस गेले तर तिची दुसरी पिढी उडून गेलेली असते. तेव्हा थंडीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, सकाळच्या तिरप्या उजेडात, सावलीतले एखादे पान उलटून पाहावे. त्याला खर्च नाही, आणि ते केल्यास पुढचा पुष्कळसा खर्चही वाचतो.