स्टेरिंग आणि सुकाणू

इंग्रजीत 'स्टिअर' असे एक क्रियापद आहे. होडीला, जहाजाला दिशा देणे हा त्याचा जुना अर्थ. पुढे मोटारी आल्या आणि तेच क्रियापद मोटारीच्या चाकावर येऊन बसले. म्हणून ते 'स्टिअरिंग'. आपल्याकडे कोणी स्टेअरिंग म्हणतो, कोणी स्टेरिंग, कोणी ष्टेरिंग. गाडी सगळ्यांचीच वळते!

पण शब्दावरून माणूस दुखावतो, ते मी घरातच पाहिले. आम्ही ठाण्याच्या मानपाड्याचे, घोडबंदर रस्त्यावरचे. माझे थोरले बंधू टेम्पो चालवतात. त्यांचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. तो एकदा पाहुण्यांदेखत म्हणाला, "बाबा, स्टेरिंग काय म्हणता? स्टिअरिंग म्हणा." मुलगा बरोबरच बोलला. दादा हसले, पण तेव्हापासून मुलासमोर ते नुसते 'चाक' म्हणतात.

मी पुतण्याला जवळ बसवून विचारले, "होडीच्या मागे असते त्याला काय म्हणतात?" म्हणाला, "सुकाणू." अरे, हा शब्द तरी आपला कुठला? अरबीतला 'सुक्कान' तो आपला सुकाणू. फारसीतला 'नाखुदा' आपल्या कोळीवाड्यात नाखवा झाला. जवळचे कल्याण फार जुने बंदर. १६५७ साली शिवाजी महाराजांनी ते घेतले आणि पुढे तिथल्या खाडीत आरमाराची जहाजे बांधली. अशा बंदरांतून माल आला तसे शब्दही आले आणि आपल्या जिभेवर बसताना थोडे झिजले. आज सुकाणूला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

वापराचेही असेच. इंग्रज जहाज 'स्टिअर' करतो, मोटारही आणि सभेतली चर्चाही. आपण गलबत हाकारतो, बैलगाडी हाकतो, गुरे वळतो. जसे काम तसे क्रियापद. गंमत म्हणजे अमेरिकेत खच्ची केलेल्या गोऱ्ह्यालाही 'स्टिअर' म्हणतात. उच्चार तोच, शब्दाचे मूळ मात्र निराळे. आणि 'स्टिअरिंग कमिटी' मराठीत आली ती सुकाणू समिती होऊन. जून २०१७ च्या शेतकरी संपात सरकारशी बोलणी करणाऱ्या समितीचे नाव हेच होते. ते कोणाला परके वाटले नाही.

तेव्हा मुलांनी परीक्षेत, मुलाखतीत 'स्टिअर' असाच स्वच्छ उच्चार करावा. तो जरूर शिकावा. पण ज्या बापाच्या हातातल्या चाकावर शाळेची फी निघते, त्याने घरात शब्द गिळावा अशी वेळ आणू नये. खाडीतल्या माणसाला ठाऊक असते, की उभ्या होडीचे सुकाणू कितीही फिरवले तरी ती वळत नाही. होडी चालती हवी. घरातले बोलणेही चालते राहिले, तरच त्याला वळण लावता येते.