फ्लॅट भाड्याने, आपण गावठाणात



नेरुळचा दोन बेडरूमचा फ्लॅट सोडून करावे गावात दोन खोल्यांत का राहायला गेलात, हे मंदिरात इतक्या जणींनी विचारले की आता लिहूनच टाकते. फ्लॅटचा हप्ता महिना ४१ हजार. त्याचे भाडे येते ३८ हजार, इथे आम्ही देतो १३ हजार. म्हणजे पूर्वी ४१ जायचे, आता १६ जातात. लेकीची इंजिनिअरिंगची फी त्यातून निघते, नवे कर्ज नाही.

ही युक्ती आमची नव्हे, गावाचीच म्हणायची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भातशेती, मिठागरे, खाडी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी घरांकडे राहिले ते गावठाणातले घर. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. पण कुटुंबे वाढली, गावठाण वाढले नाही. मग घरावर मजले चढले. खाली स्वतः, वर भाडेकरू. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात ती हीच, आणि त्यांच्या कायदेशीरपणाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतोच आहे. म्हणून इथे राहायला हरकत नाही. विकत घ्यायचे असेल तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत. अग्निशमनाची गाडी आत येईल का, हे मी आधी पाहिले. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते.

कागदांचे थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही; आमच्याकडे आधी जास्त मागितला होता. आयकरात भाड्यातून पालिकेचा कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

अडले ते दुसरीकडेच. एजंटने विचारले, “ताई, फक्त व्हेज लिहू ना?” सोसायटीतल्या चौघींचाही तोच आग्रह. आमच्या सासूबाई, आक्का, तर म्हणाल्या, “त्या ओट्यावर मुनिमहाराजांचा चौका लागलाय. तिथं मासे शिजणार?” हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्या स्वयंपाकघरात मग पुन्हा चौका लागणार नाही, हे मलाही ठाऊक आहे.

पण मैत्रिणींनो, आम्ही आज राहतो कुणाच्या घरात? खालच्या चुलीवर रोज म्हावरे शिजते. गच्चीवर सुकट वाळते. मालकीणबाईंनी आम्हाला ठेवून घेताना तुम्ही काय खाता असे विचारले नाही. उलट गच्चीची एक बाजू आमच्या पापडांसाठी मोकळी ठेवतात. आम्ही आमचे पाणी गाळतो, दिवस मावळायच्या आत जेवतो, आमच्या ताटात त्यांच्यामुळे काही बदलले नाही. त्यांनी ‘मासे खाणारेच हवेत’ म्हटले असते तर? अहिंसा मी माझ्या चुलीपुरती पाळायची, दुसऱ्याला दार बंद करून नव्हे, असे मी आक्कांना म्हटले. त्या म्हणाल्या, “तुझं बरोबर असेल. मला वाईट वाटतं ते वाटतंच.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

एजंटला सांगितले, अट काही नको. तळोज्याला नोकरी करणारे एक केरळी जोडपे राहायला आले. देवघरातली मूर्ती आम्ही आधीच इकडे आणली होती. चातुर्मासात चौका लावायचा झाला तर नणंदेचे वाशीतले घर ठरले आहे. त्याची भांडी आक्कांनी वेगळी बांधून माळ्यावर ठेवली आहेत.