कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय

परवा आमचा ट्रेलर देऊन टाकला. ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे उसासाठी जोडतात तो नव्हे :) सायकलच्या मागे जोडायची दोन चाकांची, कापडी छपराची छोटीशी गाडी. आत एखादं-दुसरं पोर बसतं. २०१९ साली घेतलेला. लेक त्यात मावेनाशी झाल्यावर काही वर्षं त्याने बाजारातली कलिंगडं वाहिली, आणि मग गॅरेजमध्ये धूळ खात पडला होता.

न्यायला आलं होतं एक नवीन मराठी जोडपं. दोघंही इथल्या युनिव्हर्सिटीत, आणि कडेवर नऊ महिन्यांचं बाळ. बाळाच्या बाबाने ट्रेलरभोवती दोन चकरा मारल्या, चाकं दाबून पाहिली आणि विचारलं, "ताई, पण हे सेफ असतं ना?"

"हो, एकदम!" असं बोलून गेले आणि मग थांबले. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर इतकं सोपं नाही हे मला चांगलंच माहीत आहे. मग चहा टाकला आणि तासभर बोलत बसलो. ते गेल्यावरही डोक्यात तेच चालू राहिलं, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला. सॅक्रामेंटोजवळचं हे गाव एकदम सपाट, चढ शोधायला जावं लागतं. आणि सायकलींचं वेड तर इतकं की शहराच्या बोधचिन्हावरसुद्धा सायकलच आहे, ती जुन्या काळची, पुढे भलंमोठं आणि मागे एवढंसं चाक असलेली. अमेरिकेत रस्त्यावर सायकलींसाठी वेगळ्या लेन पहिल्यांदा आखल्या त्या इथेच, १९६७ साली. अशा गावात लेक झाली, मार्च २०१८ मध्ये. घरात गाडी एकच, ती रोज नवऱ्याबरोबर कामाला जायची. दिवसभर मी, बाळ आणि चार भिंती. शेजारणी आपापली पिल्लं ट्रेलरमध्ये घालून शनिवारच्या शेतकरी बाजाराला निघाल्या की मी खिडकीतून बघत बसायचे. कधी एकदा आपणही निघू असं झालं होतं.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वर्षाची होईपर्यंत नाही."

मला वाटलं, अमेरिकन लोक उगाच घाबरतात. त्यांनी शांतपणे समजावलं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि ते पेलणारी मान कच्ची. रस्ता कितीही चांगला असला तरी ट्रेलरला हादरे बसतातच. बाळ झोपलं की मान पुढे नाहीतर एका बाजूला लुढकते. त्यात कॅलिफोर्नियात १९९४ पासून अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, आणि त्या कायद्यात मागच्या ट्रेलरमध्ये बसलेलं मूलही धरलेलं आहे. म्हणजे हेल्मेट घालायलाच हवं, आणि हेल्मेटचं वजन पेलायला मान तयार नाही. मग उरतं काय? थांबणं. आधाराशिवाय नीट बसता यायला हवं आणि हलकं हेल्मेट घालून मान ताठ राहायला हवी. बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्लाही असाच आहे. न्यूयॉर्क राज्यात तर एक वर्षाखालच्या बाळाला सायकलवरून न्यायला कायद्यानेच बंदी आहे.

जर्मनीतल्या मैत्रिणीला फोनवर हे सांगितलं तर ती हसलीच. तिकडे तान्ही बाळंसुद्धा ट्रेलरमध्ये खास झोळीसारख्या सीटवर निजवून नेतात. हेल्मेटची सक्ती नाही. सात वर्षांपर्यंतची दोन मुलं ट्रेलरमध्ये चालतात, सायकल चालवणारा सोळा वर्षांचा असला की झालं. मी आणखीच फुगले. पण आम्ही घेणार होतो त्या ट्रेलरच्या पुस्तिकेतही एक वर्षच लिहिलेलं होतं. थांबले झालं.

एप्रिल २०१९ मध्ये बाबा आले, सांगलीहून, सहा महिन्यांसाठी. आणि त्याच आठवड्यात ट्रेलरही आला. बाबांनी तो एकदा पाहिला आणि म्हणाले, "यात पोरीला घालून रस्त्यावर नेणार तू?"

"अहो बाबा, इथे सगळे नेतात."

"सगळ्यांचं राहू दे. मूल डोळ्यांसमोर पाहिजे. पाठीमागे काय चाललंय ते कळतं का?"

आता इथे थोडं मागे जायला हवं. माझ्या उजव्या टाचेवर एक खूण आहे. १९८७ साली, मी पाच वर्षांची असताना, बाबांच्या सायकलच्या मागच्या चाकात पाय गेला होता. आपल्याकडे ज्यांचं बालपण सायकलच्या कॅरिअरवर गेलं त्यांच्यात अशी टाच घेऊन फिरणारे बरेच सापडतील. मूल कॅरिअरवर बसतं, पाय टेकवायला जागा नसते, पाय लोंबकळतात आणि तारांमध्ये जातात. माझ्या टाचेचं कातडं निघालं होतं, महिनाभर ड्रेसिंग चाललं होतं. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जायची, "ही भारी वळवळी, घातला पाय चाकात!" मीही तशीच सांगायचे, हसत हसत. बाबा मात्र त्यावर कधी हसले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा.

असो. तर ट्रेलर. पहिला आठवडा मी लेकीला बसवलंच नाही. तांदळाची वीस पौंडांची पिशवी बेल्टमध्ये बांधली आणि तिला गावभर फिरवून आणली. लोक हसले असतील, हसोत. पण त्या पिशवीने बरंच शिकवलं. एक म्हणजे ब्रेक लावल्यावर सायकल नेहमीपेक्षा पुढे जाऊन थांबते, मागचं वजन ढकलत असतं. दुसरं, ट्रेलर सायकलपेक्षा बराच रुंद. आपण सहज निघून जातो त्या फटीत तो अडकतो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, वळताना ट्रेलर सायकलच्या मागोमाग येत नाही, आतून कापून येतो. उजवीकडे वळलं की त्याचं उजवं चाक फुटपाथच्या कडेला घासत येतं. पिशवी दोनदा कडेवर चढता चढता वाचली.

बाबा अंगणात खुर्ची टाकून हे सगळं बघत असायचे. तिसऱ्या दिवशी उठून ट्रेलरजवळ आले. बाबांचा सायकलवर हात फार चांगला, आयुष्यभर स्वतःची सायकल स्वतःच दुरुस्त केलेली. वाकून जोड बघितला. मागच्या चाकाच्या आसाला एक कडी, त्यात ट्रेलरचा दांडा, त्यावर पिन. दांड्याच्या टोकाशी फिरणारा सांधा. सायकल आडवी झाली तरी ट्रेलर उभा राहावा आणि ट्रेलर कलंडला तरी सायकल उभी राहावी, यासाठी तो. शिवाय एक जाड पट्टा सायकलच्या फ्रेमभोवती गुंडाळायचा, पिन निघालीच तर ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून. तो पट्टा मी लावलाच नव्हता! कशासाठी असतो तेच कळलं नव्हतं. बाबांनी तो लावला. काही बोलले नाहीत. मग आत हात घालून बाजूच्या भिंती दाबून पाहिल्या, चाकापर्यंत मुलाचा हात किंवा पाय पोचतो का ते. पोचत नव्हता. हे त्यांनी दोनदा पाहिलं.

त्यानंतर हळूहळू लेकीला घेऊन निघायला लागले. बाबांची नापसंती होतीच, पण निघायच्या आधी सगळं तपासायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. टायरमधली हवा (फार टणक नको, पोर उडतं), पिन, पट्टा, मागचा लाल दिवा, उंच काठीवरचा केशरी झेंडा. ट्रेलर इतका बुटका असतो की गाडीवाल्याला झेंडाच आधी दिसतो. पुढची जाळी बंद, नाहीतर मागच्या चाकाने उडालेले खडे थेट आत. लेकीच्या पाठीमागे, डोक्याच्या जागी कापडात खोलगट भाग होता, हेल्मेट त्यात बसायचं. तो नसला तर हेल्मेट पाठीला टेकून मान पुढे ढकललं जातं आणि हनुवटी छातीला लागते. हे मला पुस्तिकेत वाचून कळलं होतं, बाबांना नुसतं बघून कळलं.

मे महिन्यातली गोष्ट. दूध संपलं होतं. दुकान आमच्या गल्लीच्या टोकाशी, वळलं की लगेच. लेकीला त्या दिवसांत बेल्टचा भारी राग. पाठीची कमान करून ओरडत होती. ऊन वाढत होतं. मी वैतागून म्हटलं, "राहू दे ते बेल्ट, बाबा. कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यांवर बसले, तिच्याशी काहीतरी बडबडत दोन्ही खांद्यांवरचे, दोन्ही कमरेचे आणि मधला, असे पाचही पट्टे लावले. बोट घालून घट्ट आहेत का पाहिलं. मी घाईत निघाले. बाबा मागून चालत येत होते.

आणि कोपऱ्यावर तेच झालं. उजवीकडे वळताना वेग जास्त, उजवं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं आणि ट्रेलर डाव्या कुशीवर आडवा झाला. सायकल उभीच होती. मी पाय टेकून मागे पाहिलं तर झेंडा रस्त्यावर. तो एक क्षण मी कुणाला सांगू शकणार नाही.

बाबा अडुसष्ट वर्षांचे होते तेव्हा. ते माझ्याआधी पोचले.

लेक बेल्टमध्ये आडवी लटकलेली होती. डोकं जमिनीला लागलं नव्हतं. हेल्मेट जागच्या जागी. क्षणभर गप्प, मग मोठ्ठं भोकाड, आणि मग हात पुढे करून "आबा". ट्रेलरच्या कापडाला डाव्या बाजूला वीतभर खरचटलं, बस. बेल्ट नसते तर ती कुठे आणि कशी पडली असती, याचा विचार मी आजही पुरता करत नाही.

संध्याकाळी लेक झोपल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. मला वाटलं आता बाबा म्हणणार, सांगितलं नव्हतं का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू वळवळी नव्हतीस."

मला कळेना.

"तुला मी नेहमी पुढे दांडीवर बसवायचो, त्या छोट्या सीटवर. त्या दिवशी हँडलला दुधाची किटली होती. पुढे अडचण होईल म्हणून कॅरिअरवर ठेवलं तुला. तुझी आई म्हणाली, मागे नको, पाय जाईल. मी म्हटलं, अगं, कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय."

बत्तीस वर्षं हे त्यांच्याजवळ होतं. आईने कधी सांगितलं नाही, त्यांनीही नाही. आणि आम्ही सगळे मिळून पाच वर्षांच्या पोरीच्या अंगावर ढकलून हसत होतो. मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "बाबा, आज मीही तेच म्हणाले."

"हो," ते म्हणाले, "म्हणूनच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता विकून टाकू ट्रेलर. तर बाबाच म्हणाले, "विकायचा कशाला? गाडी चांगली आहे. पोरगी वाचली ना त्यात! तू वळायला शीक." आणि मग मोकळ्या पार्किंगमध्ये पुन्हा तांदळाची पिशवी बांधून, स्वतः खडूने वळणं आखून, त्यांनी माझ्याकडून सराव करून घेतला. सदतीस वर्षांच्या बाईला सायकल शिकवणारे आजोबा बघायला लोक थांबत होते :)

तर परवा त्या जोडप्याला हे सगळं सांगितलं. टाचेचं नाही सांगितलं, बाकीचं. म्हटलं, तीन महिने थांबा, बाळ वर्षाचं होऊ दे. मान बघा, डॉक्टरांना विचारा. ट्रेलर जुना आहे, पट्टे आणि सांधा नीट तपासून घ्या. आधी तांदूळ फिरवा. गर्दीचे रस्ते टाळा, आपल्या गावात तर सायकलींच्या वेगळ्या वाटा मुबलक आहेत. वळताना मोठं वळण घ्या, हळू घ्या. उन्हाळ्यात छपराखाली फार गरम होतं, हात घालून बघत जा. बाळाची आई हे सगळं फोनमध्ये लिहून घेत होती. बाबा म्हणाला, "आम्ही तसे लांब कुठे जाणार नाही ताई, डे-केअर दोनच गल्ल्या पुढे आहे."

मग मी त्याला पाचही पट्टे लावायला लावले. दोनदा.

रात्री सांगलीला फोन केला. बाबा आता पंच्याहत्तरीचे, ऐकू कमी येतं. ट्रेलर दिला म्हटल्यावर थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, "पट्टे बांधून दाखवलेस ना त्यांना?"

"दाखवले बाबा."

"आणि तो मागचा, फ्रेमचा?"

"तोही."

"मग ठीक," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.