फरशीवरचं दुकान

आमच्यासारख्या घरांत सगळं फरशीवर होतं. जेवण फरशीवर, शिवणकाम फरशीवर, पाहुण्यांची अंथरुणं फरशीवर, मुलांचा अभ्यासही फरशीवर. मुलांच्या शाळेपायी एक टेबल आलं, पण त्यावर आता धुतलेल्या कपड्यांचा ढीग बसलेला असतो. तेव्हा आमचं दुकानही फरशीवरच मांडलं गेलं, यात नवल नाही.

दुकान म्हणजे पाटी लावलेलं नव्हे. आम्ही चौघी आहोत. दोन जावा, एक ननद आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या खाला. सोलापूरच्या जुन्या वस्तीतली दोन घरं. एकीच्या हातची शेंगाचटणी आणि काळा मसाला, एकीच्या क्रोशाच्या पांढऱ्या टोप्या, एकीचं जरीकाम आणि खालांच्या हातच्या शेवया. माल जातो तो फोनवरून. गिऱ्हाईक दारात येत नाही, चटणीचा वास घेत नाही, कापडाला हात लावून बघत नाही. तिच्या हातात पोचतो तो फक्त फोटो. वासाचं, स्पर्शाचं, आमच्या बोलण्याचं सगळं काम त्या एका फोटोनं करायचं असतं. या पैशातून एकीच्या मुलीची फी भरली जाते, खालांची गुडघ्याची औषधं येतात, आणि चौघींची आपापल्या नावाची बँकेतली खाती हलती राहतात. म्हणून फोटो हा आमच्यासाठी हौसेचा विषय नाही.

वस्तू जमिनीवर मांडायची आणि फोन तिच्यावर आडवा धरून सरळ वरून फोटो काढायचा, याला फोटोग्राफीत ‘फ्लॅट ले’ म्हणतात. नाव नवं असलं तरी गोष्ट आम्हाला नवी नाही. दस्तरखान म्हणजे दुसरं काय असतं? आधी स्वच्छ कापड अंथरायचं, मग मधोमध मोठं ताट, भोवती कटोऱ्या, हात पोचेल इतकी जागा मोकळी. लग्नाआधी बरीचं सामान चादरीवर मांडून बायाबापड्यांना दाखवतात, तेही हेच. मांडायची नजर आमच्या आया-दाद्यांनी दिलेली आहे. फोन तेवढा नंतर आला.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. फोटोत माणूस येत नाही. आपला चेहरा अनोळखी लोकांच्या फोनवर फिरू नये, असं आमच्यातल्या दोघींना वाटतं. दुसऱ्या दोघींना त्याचं काही वाटत नाही. चेहरा दाखवायचा की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. पण न दाखवताही कमावता येतं, हे महत्त्वाचं.

आता मुद्दा खाली काय अंथरायचं याचा. बाजारात यासाठी तयार छापील पत्रे मिळतात. एका बाजूला संगमरवर, दुसऱ्या बाजूला लाकूड. दिसायला सुरेख असतात, पण एकाच्या किमतीत आमचे काही किलो शेंगदाणे येतात. म्हणून घरातलंच एकेक काढून बघायचं ठरलं. बघताना तीन प्रश्न विचारायचे. हे चमकतं का? याचा रंग सांडतो का? हे स्वतःकडेच लक्ष ओढतं का?

चमकणारं बाद. मेणकापड, सनमायका, स्टीलची परात यांच्यात खिडकी उमटते, वरून वाकलेल्या बाईची सावलीही उमटते. रंग सांडणं म्हणजे, गडद गुलाबी चादरीवर पांढरी टोपी ठेवली की उजेड चादरीवरून उसळून टोपीला लागतो आणि टोपीच्या कडा गुलाबी दिसतात. गिऱ्हाईक विचारतं, ‘पांढरी नाही का?’ आणि लक्ष ओढण्याचं उदाहरण आमच्या गावचंच आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचं नाव सगळीकडे आहे. पण तिच्या वेलबुट्टीवर शेवयांची जुडी ठेवली, तर लोक चादरीचाच भाव विचारतील.

या तीन चाळण्यांतून जे खाली उतरलं, ते सगळं स्वस्त निघालं. पहिलं म्हणजे कार्डशीट. स्टेशनरीच्या दुकानात २२ बाय २८ इंचांचा जाड कागद मिळतो. चटणीची वाटी आणि पुडी त्यावर आरामात मावते. तेलाचा डाग पडला तर कागद उलटा करायचा. पिवळसर पांढरा, राखी आणि गडद निळा असे तीन रंग पुरतात. पांढरी टोपी निळ्यावर उठून दिसते, लाल चटणी राखीवर.

दुसरं मांजरपाट. दोन मीटर घेतलं की दुपट्टाही त्यावर पसरता येतो. कोरं मांजरपाट मळकट पांढरं असतं, तेच बरं. अर्धं कापून चहाच्या पाण्यात उकळलं की बदामी होतं आणि त्यावर जरी छान खुलते. मात्र इस्त्री चोख हवी. वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक सुरकुतीची सावली पडते. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून कापड ताणलं की काम होतं.

तिसरं गोणपाट. मसाल्याला आणि शेवयांना शोभतं, पण जरीकामाला नाही. त्याचा दोरा जाड, जरीचा बारीक. जाडापुढे बारीक हरवतो. चौथं, सुताराकडे पडून असलेला प्लायवूडचा तुकडा. त्यावर भिंतीची उरलेली पुट्टी हातानं ओबडधोबड फासायची आणि वाळल्यावर उरलेला रंग मारायचा. न चमकणारी, जुन्या भिंतीसारखी पाटी तयार होते. पलीकडची बाजू दुसऱ्या रंगाला मोकळी.

रद्दी पेपरांचंही कुणीतरी सुचवलं होतं. जुन्या छपाईवर वस्तू खरंच चांगली दिसते. पण उर्दू अखबारात कुठल्या कोपऱ्यात अल्लाहचं नाव किंवा आयत असेल सांगता येत नाही. तो जमिनीवर पसरायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. जानमाजचंही तसंच. नक्षी कितीही देखणी असली तरी ती मालाखाली अंथरायची वस्तू नव्हे.

खरा वाद झाला तो फरशीवरून. आमची फरशी शहाबादी. शहाबाद कर्नाटकात, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे. तिथला हा चुनखडीचा दगड सोलापूरच्या घराघरांत बसलाय. आमची फरशी पॉलिश न केलेली, राखी, जराशी खडबडीत. तिच्यावर शेंगाचटणीची वाटी ठेवली तेव्हा लाल रंग असा उठला की कार्डशीट मागे पडलं. त्याला कारण आहे. फोनचा कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखी धरून उजेडाचा हिशेब करतो. म्हणून पांढऱ्या कापडावरचा फोटो मळकट येतो आणि काळ्यावरचा फिका. खाली राखीच असलं की त्याचा हिशेब बराचसा बरोबर बसतो.

पण ननद अडून बसली. म्हणाली, “फूटी फरशी दिखी तो लोगां क्या बोलेंगे?” खाला शेवया निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “लोगां सिवयां खाते, फरशी नै खाते.”

आम्ही हसलो, तरी ननदेचं म्हणणं हसून सोडण्यासारखं नव्हतं. गिऱ्हाईक कधी कधी मालाआधी घर बघतं आणि घर बघून भाव पाडतं. जुनी फरशी, उडालेला रंग दिसला की ‘बाई अडचणीत आहे, कमी करेल’ असा हिशेब मांडणारे असतात. म्हणून तिला संगमरवर हवा होता. दिखाव्याची हौस नव्हती ती, मेहनतीचा पुरा मोबदला मिळावा एवढीच तिची मागणी होती.

मग दुसरी बाजूही बोलली गेली. मालातला दोष झाकून विकू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. फरशी हा चटणीचा दोष नाही. पण छापील संगमरवर पाहून गिऱ्हाईक मनात एक स्वयंपाकघर उभं करतं, आणि पार्सल येतं आमच्या घरातून, साध्या पुडीत. त्यातून ती नाराज होईलच असं नाही. तरी ओळखीची सुरुवात उसन्या दगडावर कशाला करायची? शेवटी खिडकीजवळची एक अखंड फरशी निवडली. ती घासून, धुऊन, पूर्ण कोरडी केली. फुटलेल्या फरश्या फोटोबाहेर राहिल्या. घर लपवायचं नाही, पण घराची अडचण बाजारात मांडायचीही नाही, यावर ननदही राजी झाली.

खाली काहीही अंथरा, उजेड चुकला तर सगळं वाया. सोलापूरचं दुपारचं ऊन काळ्या सावल्या पाडतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीला पांढरी मलमलची ओढणी बांधली की उजेड मऊ होतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरं कार्डशीट उभं केलं की सावली हलकी होते. ट्यूबलाइट बंद ठेवायची, कारण दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की रंग खोटा होतो. फोन फरशीला अगदी समांतर धरायचा. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर जाळी चालू करता येते, ती फरशीच्या सांध्याशी जुळवली की वाटी तिरकी दिसत नाही. फार जवळ गेलं तर कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. थोडं उंचावरून काढून फोटो मग कापलेला बरा.

एक नियम आम्ही चौघींनी मिळून केला आहे. फोनमध्ये उजेड थोडा वाढवायला हरकत नाही, पण चटणीचा लाल रंग वाढवायचा नाही. फोटो पाठवण्याआधी फोन त्याच वाटीशेजारी धरायचा आणि खालांनी दोन्हीकडे बघायचं. त्यांनी मान हलवली की फोटो जातो. नाही हलवली, तर ओढणी पुन्हा खिडकीला.