लिमलेटच्या दोन गोळ्या

“आजी, हे तर डेझर्टच आहे,” असं म्हणून नात भोपरच्या टेकडीवर मध्येच उभी राहिली. मार्च संपत आला होता आणि सकाळचे सात वाजायचे होते. नात साडेपाच वर्षांची, दुबईत राहते. वाळवंट कशाला म्हणायचं हे तिला माझ्यापेक्षा बरं कळतं, म्हणून तिच्या मताला मान देऊन मीही थांबले. खरं म्हणजे मला धाप लागली होती.

सगळीकडे पिंगट झालं होतं. गवत गुडघाभर, पण हात लावला की मोडणारं. एका अंगाला वणवा लागून गेला होता, तिथली जमीन तव्यासारखी काळी. खाली डोंबिवलीच्या गच्च्यांवरच्या टाक्या, आणि धुरकटात पुसट झालेला मलंगगड.

“पण सँड कुठाय?” तिने विचारलं.

वाळू नाही हे खरं. पुस्तकात वाळवंटाची व्याख्या सरळ आहे, वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस. आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट, दोन हजारांच्या वर पडतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे जैसलमेरचा चार वर्षांचा पाऊस चोवीस तासांत. तरी आठ महिन्यांनी ही टेकडी अशी दिसते. काळा दगड पाणी धरत नाही. पाऊस वरून येतो, उतारावरून धावतो आणि खाडीला जाऊन मिळतो. शहापूर तालुक्यात तर गंमत म्हणावी की काय कळत नाही. तानसाचं धरण १८९२ सालचं, तेव्हापासून तिथलं पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. तेव्हा नातीला मी ‘नाही गं, हे डेझर्ट नाही’ असं ठासून सांगू शकले नाही. म्हटलं, “चार महिने असतं. मग बुडतं.”

तिला ते पटलं. मुलांना अशा गोष्टी पटतात.

तिचं वाळवंट मी गेल्या डिसेंबरात पाहून आले होते. लेक-जावई सुट्टीच्या दिवशी पोरीला घेऊन चालायला जातात. तिकडे लहान मुलं असलेल्या घरांसाठी तासा-दीड तासाच्या सोप्या वाटा असतात आणि लोक त्या थंडीतच चालतात. मला शारजातल्या म्लेहाला नेलं. तिथल्या डोंगराच्या दगडात समुद्रातल्या शिंपल्यांचे ठसे आहेत. नात त्यावरून बोट फिरवत म्हणाली, “इथे आधी बीच होता.” तिथे समुद्र होता त्यानंतर थोड्याच काळाने, भूगर्भवाल्यांच्या हिशेबातला थोडा काळ, आमच्या सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता. साडेसहा कोटी वर्षं झाली. आता तिकडे शिंपले कोरडे आणि इकडे लाव्हाच्या टेकडीवर आमच्या सोसायट्या.

पण मला तिथे धरून ठेवलं ते एका झाडाने. वाळूत एकटंच उभं, बारीक पानांचं, फांद्या खाली झुकलेल्या. जावई म्हणाले, “आई, हे घाफ. इथलं राष्ट्रीय झाड.” मी पान तोडलं नाही (तिकडे तोडायची भीती वाटते), नुसतं जवळ जाऊन पाहिलं. आणि म्हटलं, अरे, ही तर शमी! घरी येऊन जावयांनी फोनवर शोधलं, तर तीच निघाली. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. जिच्यावर पांडवांनी शस्त्रं लपवली, जिची पत्री गणपतीला लागते आणि जी मिळवण्यासाठी मी दर भाद्रपदात डोंबिवली स्टेशनबाहेरच्या पत्रीवाल्या बाईशी हुज्जत घालते, कारण ती शमी म्हणून काहीही हिरवं हातात ठेवते. ती तिथे, एवढ्या वाळूत, कुणी पाणी न घालता. मी नमस्कार केला. लेक म्हणाली, “आई, लोक बघतायत.”

आपल्याकडे मुलांना डोंगरावर न्यायचं म्हटलं की सगळ्यांना पाऊस आठवतो. मला ते कधी पटलं नाही. पावसात धबधब्याखाली तुफान गर्दी, शेवाळलेले दगड, आईच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात निसटणारं पोर, आणि सोमवारी पेपरात कुणीतरी वाहून गेल्याची बातमी. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चची पहाट बरी. वाट दिसते, पाय घसरत नाही, पानं गळलेली असल्यामुळे पक्षी दिसतात. पळस फुललेला असतो, काटेसावर आपली जाड लाल फुलं धपकन खाली टाकत असते. ठाण्याजवळच्या येऊरला पहाटे पाटोणापाड्याच्या बाजूने अर्धा तास गेलात तरी पोर दमून खूश होतं. कल्याणला दुर्गाडी आहे, चढ म्हणावा तर दोन मिनिटांचा, पण वर गेल्यावर खाडी दिसते आणि शिवाजी महाराजांनी इथे आरमार बांधायला घेतलं हे सांगता येतं. नऊच्या आत मात्र घरी यायचं. नवांनंतर आमच्या टेकड्या लहान मुलांच्या राहत नाहीत.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मामाने शिकवलं.

मामा अंबरनाथला, विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात. १९७३चा उन्हाळा. आदल्या वर्षी देशावर दुष्काळ पडलेला, रेशनवर लाल मिलो यायचा आणि आजी त्याच्या भाकरी थापताना रोज कुणाला तरी शिव्या द्यायची. आम्ही पाच भावंडं सुट्टीला तिकडे. मामाने एके दिवशी पहाटे उठवलं आणि म्हणाला, नदीतून चालायचं.

वालधुनी तेव्हा काळी झाली नव्हती. उन्हाळ्यात ती नुसती गोट्यांची आणि वाळूची वाट असे. आधी शिवमंदिरात गेलो. शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहारांचं. तिथला गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि मान वर केली तर डोक्यावर आभाळ, शिखर वरून उघडंच. मे महिन्यात तिथला दगड तळपायांना इतका गार लागायचा की आम्हाला वर यायचं नव्हतं. मामाने हाताला धरून एकेकाला वर काढलं.

मग नदी. मामाचे नियम दोन. सगळ्यांत लहान जो, तो पुढे. म्हणजे आमचा बंड्या, वय वर्षं पाच, आमचा सेनापती. आणि काडेपेटी न्यायची नाही. मामा बिडी ओढायचा, दिवसभर काड्यांच्या गंधकात वावरायचा, पण डोंगराकडे निघाला की बिडीबंडल आणि काडेपेटी घरच्या फळीवर ठेवून यायचा. वाळलं गवत आणि आपलं खातं एकच आहे, म्हणायचा.

“मामा, अजून किती?” हे शंभरदा विचारून झालं. तेव्हा त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, साखरेने खरखरीत. “अजून दोन गोळ्या,” तो म्हणाला. एक गोळी तोंडात धरायची, चावायची नाही. ती विरघळली की दुसरी. दुसरी विरघळली की जिथे निघालो होतो तो जीआयपी रेल्वेचा तलाव. पैज लागली. बंड्याने पहिलीच गोळी कडाकड चावली आणि रडायला लागला की तलाव आला नाही. मामा म्हणाला, “चावणाऱ्याची गोळी संपते रे, वाट तेवढीच राहते.” मला अजून किलोमीटर सांगितले की काही कळत नाही. गोळ्या सांगा.

पाणी होतं फिरकीच्या तांब्यात. आता तो कुणाला ठाऊक नसतो. पितळेचा, पोटाशी गोल, वर आट्यांचं झाकण, झाकणावर कडी. मामीने त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. तो पिशवीत आडवा पडला आणि आटे कुणीतरी नीट बसवले नव्हते. (मीच. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.) पिशवी उघडली तेव्हा दशम्या भिजून लगदा झालेल्या आणि तांब्यात घोटभर. ऊन वर आलं होतं. बंड्या वाळूत बसला आणि उठेना. मामाचा चेहरा मला आठवतो. मोठ्या माणसाला भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वळणावर एक कातकरी बाई नदीच्या कोरड्या पात्रात गुडघे टेकून बसली होती. शेजारी हंडा, हातात करवंटी. वाळूत हातभर खोल खड्डा. मामा म्हणाला, “डवरा आहे, बघा.” आम्ही भोवती ओणवे झालो. खड्ड्याच्या तळाशी वाळू नुसती ओली दिसत होती. मग ती चमकली. मग कडेच्या वाळूतून, कुणी बघत नाहीसं पाहून यावं तसं, पाणी येऊन बसलं. बाईने करवंटीने ते गढूळ पाणी काढून फेकून दिलं. बंड्या ओरडला, “फेकू नका!” ती हसली. पुन्हा पाणी आलं, पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा आलं ते असं नितळ की तळाचा एकेक कण मोजावा. तिने करवंटी भरून पहिल्यांदा बंड्याला दिली. मग वयाप्रमाणे वर वर. मामाला शेवटी. “पोरांना उन्हातानाचं कुठं नेता?” एवढंच ती म्हणाली. मामा खाली मान घालून प्यायला.

पाण्याला वाळूची चव होती आणि ते गार होतं. तलावापर्यंत आम्ही गेलो की नाही, मला आठवत नाही. त्या दिवसानंतर किती तरी नद्या पाहिल्या, गंगेत डुबकी मारून आले, पण नदी म्हटलं की मला ती करवंटी दिसते.

तर भोपरला त्या सकाळी मी नातीला डवऱ्याची गोष्ट सांगितली. मोठी चूक. तिला लगेच डवरा हवा. उतरताना एक ओहोळ लागतो, पावसाळ्यात वाहणारा, आता मुरूम आणि प्लास्टिकच्या पिशव्या. तिने काठी घेतली, मी चपलेने माती सरकवली. वितभर खणलं, कोरडं. हातभर खणलं, कोरडं. एक मुंगळा निघाला आणि तो बराच वेळ पुरला. माझ्या पर्समध्ये लिमलेट नव्हत्या, खोकल्याच्या गोळ्या होत्या, त्यातली एक दिली. तिने चावली नाही. पोरगी माझ्यावर गेलीय.

परतताना तिने खड्ड्याभोवती दगड रचले, म्हणजे पाणी आलं की सापडावं.

ती दुबईला गेली, त्यालाही आता तीन आठवडे झाले. रविवारी फोन येतो. शाळा, मैत्रिणी, दात पडला की नाही हे सगळं नंतर. आधी चेहरा कॅमेऱ्याला चिकटवून विचारते, “आजी, आलं का पाणी?” मी म्हणते, अजून नाही गं, येईल. काल मागून जावयांचा आवाज आला, “आई, तुम्ही हे मृगापर्यंत चालवणार की काय?”

फोन ठेवल्यावर मी कालनिर्णय काढलं आणि सात जून कुठल्या वारी येतो ते पाहून ठेवलं.