पंधरा ऑगस्टच्या पिशव्या

पालघर-बोईसर पट्ट्यात मी रक्तदान शिबिरं भरवतो. या कामात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक आकड्याच्या हव्यासापायी झाली. एका स्वातंत्र्यदिनाला कोळगावच्या जिल्हा मुख्यालयातले कर्मचारी, तारापूर एमआयडीसीतले कामगार, गणेश मंडळांची पोरं, सगळ्यांना मी एकाच दिवशी बोलावलं. एक कारखाना महिनाअखेरीला छोटं शिबिर घ्यायला तयार होता. त्यांनाही मीच सांगितलं, "त्यापेक्षा पंधरालाच या."

लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लाझ्मा गोठवला की वर्षभर. प्लेटलेटच्या नशिबी मात्र 5 दिवस, तेही 20 ते 24 अंशांवर, अ‍ॅजिटेटरवर सतत हलत राहून. त्यातलाही बराच वेळ एचआयव्ही, कावीळ, मलेरियाच्या तपासण्या खातात. पंधराची पिशवी 20 तारखेच्या मध्यरात्री बाद. हे मला पाठ होतं, तरी शिबिराची तारीख ठरवताना मी त्याचा विचारच केला नाही.

एकवीसला रक्तपेढीत गेलो. तंत्रज्ञ ताईंनी एक पिवळसर पिशवी उजेडापुढे धरून हलकेच हलवली. आत चकाकते भोवरे फिरले. प्लेटलेट चांगल्या असल्याची ती खूण. "दिसतायत अजून चांगल्या," ताई म्हणाल्या आणि पिशवी बाद मालाच्या ट्रेमध्ये ठेवली. ट्रे आधीच भरला होता.

महिना सरता सरता बोईसरहून एका डेंग्यूच्या रुग्णाच्या भावाचा फोन आला. हिरड्यांतून रक्त येत होतं, प्लेटलेट 9 हजारांवर. "दादा, कुठूनही द्या." अ‍ॅजिटेटर रिकामा. दात्यांची यादी काढली तर सगळी नावं पंधराचीच. रक्त दिल्यावर पुरुषांना 3 महिने आणि बायकांना 4 महिने पुन्हा देता येत नाही. डेंग्यूचा अख्खा मोसम मी एका सकाळी संपवून बसलो होतो. घाबरून मी त्याला मुंबईला धाडलं आणि वर सांगितलं, "बर्फाचा डबा घेऊन जा." प्लेटलेटला थंडी चालत नाही. तिथल्या माणसानं बर्फ काढायला लावला म्हणून निभावलं. रुग्ण बरा झाला, त्यात माझा वाटा काहीच नाही.

आता पावसाळ्यात मी शिबिरं तोडून तोडून घेतो. एक सोमवारी, एक गुरुवारी, कारखान्याची पहिली पाळी सुटली की. गुरुवारचं रक्त शनिवार-रविवारला पुरतं, आणि टंचाई त्याच दिवसांत असते. काही दाते जुलैपासून मुद्दाम राखून ठेवतो. ठिकाणही जवळचं धरतो, कारण रक्त काढल्यावर 6 तासांच्या आत प्लेटलेट वेगळ्या करायला घेतलेल्या बऱ्या. जव्हारच्या घाटात गाडी अडकली की तो वेळ गेलाच.

यंदा एका मंडळाला मी पंधरा ऑगस्ट नाकारला. अध्यक्ष चिडले, बॅनर छापून झाला होता. सप्टेंबरातला दुसरा गुरुवार दिलाय, नवी तारीख चिकटवून तोच बॅनर लावायचं ठरलंय.