कडेवरचे वजन

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सायकलचा टायर ठेवलेला मी पाहिला. काटा पिठासाठी आणलेला. टायर त्याच्यावर बसेना म्हणून मुलीने खाली परात ठेवली होती, आणि परातीचे वजन वजा करून आकडे ती वर्तमानपत्राच्या समासात लिहीत होती. जुना टायर ७६० ग्रॅम, नवा ४९०. दोन्ही चाकांचे मिळून ५४० ग्रॅम वाचले. या अर्ध्या किलोसाठी तिने वाढदिवसाचे, दिवाळीचे आणि दहावीच्या निकालाला आजोबांनी दिलेले असे सगळे पैसे खर्च केले होते. ती रक्कम आमच्या महिन्याच्या किराण्याच्या जवळपास जाते. ‘अर्धा किलो तर तू आठवडाभर वडापाव सोडलास तरी कमी होईल,’ असे मी म्हणालो. मराठीचा प्राध्यापक विनोद करतो तेव्हा घरात जी शांतता पसरते, ती पसरली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बीएमएक्स म्हणजे वीस इंची चाकांची, ठेंगणी, गिअर नसलेली सायकल. १९७०च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या मुलांनी मोटोक्रॉसच्या शर्यतींची नक्कल करण्यासाठी आपल्या छोट्या सायकली मातीच्या उंचवट्यांवर घातल्या, त्यातून हा प्रकार निघाला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यत आली, आणि २०२१मध्ये झालेल्या टोकियोच्या खेळांत कसरतींचा प्रकारही. आमच्याकडे या सगळ्यासाठी म्हणून जागा नाही. मुलगी आणि तिचे चार-पाच सोबती पहाटे डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागातल्या रस्त्यांवर सराव करतात, आणि क्वचित कुणाच्या टेम्पोतून सायकली घालून ठाण्याला येऊरच्या चढावर जातात. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. अकरा-बारा किलोची ती सायकल खांद्याला लावून ती रोज चढते-उतरते. त्या ओझ्यात अर्ध्या किलोने काय मोठा फरक पडणार, असा माझा प्रश्न होता, आणि तो मी जरा आढ्यतेनेच विचारला होता.

तिने उत्तर दिले ते पदार्थविज्ञानातले. सायकलच्या सांगाड्यावरचा ग्रॅम फक्त पुढे जातो. चाकाच्या कडेवरचा ग्रॅम पुढेही जातो आणि गरगर फिरतोही. त्याला वेग द्यायचा तर दुप्पट शक्ती खर्चावी लागते, म्हणून वेग घेताना कडेवरचा ग्रॅम दोन ग्रॅमांसारखा वागतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्याला याचे सोयरसुतक नाही. पण बीएमएक्समध्ये एकसारखा वेग नसतोच. दर काही सेकंदांनी थांबायचे, उसळायचे, पुन्हा निघायचे.

मी गप्प बसलो, कारण हा हिशेब माझ्या ओळखीचा निघाला. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अक्षर तेच, पण चरणात ते कुठे पडले, त्याच्या पुढे जोडाक्षर आले की काय, यावर त्याचे माप ठरते. वीस वर्षे मी हे फळ्यावर शिकवत आलो आणि वजन हे स्थानावर अवलंबून असते ही गोष्ट मला टायरच्या संदर्भात सोळा वर्षांच्या मुलीने सांगावी लागली.

मग त्या संध्याकाळी नेहमीच्या सवयीने मी शब्दांकडे वळलो. आपल्या भाषेचा कल जडत्वाकडे आहे. माणूस भारदस्त असतो, वजनदार असतो, त्याच्या शब्दाला वजन असते. गौरव हा शब्दच गुरूपासून आलेला. हलका म्हटले की हलक्या कानाचा, हलक्या हाताचा, हलके बोलणारा. लाघव तेवढे लघुत्वाची बाजू सांभाळून आहे, आणि तेही पुढे ‘लाघवी’ होऊन गोड बोलण्यापुरते उरले. इतालो काल्विनो हार्वर्डसाठी व्याख्याने लिहीत होता त्यातले पहिलेच हलकेपणावर होते. ती देण्यापूर्वीच, सप्टेंबर १९८५मध्ये, तो गेला. वाक्यांतून आणि गोष्टींच्या बांधणीतून वजन काढून टाकणे हे आपले काम, असे तो मानत असे. माझ्या मनात एक टिपण आकार घेऊ लागले होते. असो. ते टिपण झाले नाही, कारण अण्णा मध्ये बोलले.

झाले असे, की नव्या टायरच्या बाजूवर ‘१२० टीपीआय’ असे छापले होते. मुलीला एवढेच ठाऊक होते की आकडा जितका मोठा तितका टायर हलका. कडेतली पोलादी तार जाऊन तिथे केवलारचा धागा आला, म्हणून टायरची घडी घालता येते, हेही तिला माहीत होते. टीपीआयचा अर्थ तिने मला विचारला. मला माहीत नव्हता. अण्णा गॅलरीत बसले होते. तिथूनच ते म्हणाले, ‘दर इंचाला धागे. पण एका थरातले की सगळ्या थरांतले मिळून, ते विचार त्याला.’

अण्णा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते कमी बोलतात. कल्याणच्या पलीकडे उल्हास नदीच्या अंगाने रेयॉनचे दोन मोठे कारखाने उभे राहिले, शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याला नॅशनल रेयॉन. यातला मोहन्याचा २००९मध्ये बंद पडला. अशाच कारखान्यात अण्णांनी तीस-बत्तीस वर्षे तिन्ही पाळ्यांत काम केले. ‘रेयॉनमध्ये आहेत,’ एवढेच आम्ही सांगत असू. लोक समजत, साडीचा धागा. मीही तेच समजत होतो. अण्णांचे खाते टायरच्या धाग्याचे होते, हे मला त्या दिवशी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळले.

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण मी नारायण सुर्वे शिकवतो. ‘माझे विद्यापीठ’ हा १९६६चा संग्रह मी पदव्युत्तर वर्गाला कितीतरी वेळा शिकवला आहे. कामगाराच्या अनुभवविश्वाचा मराठी कवितेत झालेला प्रवेश या विषयावर चर्चासत्रांत निबंध वाचले आहेत. सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन श्रमाच्या सौंदर्यशास्त्रावर बोलायचे आणि संध्याकाळी घरी येऊन, ज्या माणसाने आयुष्यभर श्रम केले त्याच्याशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचे, हा माझा क्रम. महाविद्यालयात असताना तर याहून वाईट होते. व्हिस्कोज करताना लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया होते. त्या सगळ्याचा सडक्या कोबीसारखा वास अण्णांच्या कपड्यांना असे. मित्र घरी यायचे असले की मी अण्णांचा डबा आणि पिशवी मोरीत नेऊन ठेवत असे. ते पाहत असत. कधी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी मात्र ते नातीशी बोलले, आणि मी ऐकत राहिलो. टायरला ताकद रबर देत नाही, धागा देतो. रबर नुसते हवा राखायला, झिजायला आणि रस्ता धरायला. पहिल्या टायरांत कापड घालत. पण विणलेल्या कापडात उभा धागा आडव्यावर घासतो, प्रत्येक फेरीला थोडा थोडा, आणि आतून टायर कापला जातो. म्हणून धागे विणायचे नाहीत, एका थरात सगळे एका दिशेने निजवायचे, दुसऱ्या थरात उलट तिरके. त्यांच्या खात्यात जे ‘कापड’ निघे त्यात आडवा धागा नावापुरता, नुसता ओळ धरून ठेवायला. आधी सुती धागा होता, तो तापला की थकायचा. रेयॉन उष्णता सोसतो, पण भिजला की त्याची ताकद घटते, म्हणून खात्यात दमट हवेची भीती. मग नायलॉन आले. ते चिवट, पण रात्रभर उभ्या गाडीखाली चपटे बसते आणि सकाळी पहिले काही अंतर गाडी धडधडते. ‘सगळ्याला काहीतरी खोड असतेच,’ अण्णा म्हणाले. ‘तुझा धागा बारीक, म्हणून त्यावर रबर कमी लागते, म्हणून टायर हलका. पण बाजूने तो पातळ आहे. दगडाला सांभाळ.’

तिने सांभाळले नाही. खरे तर आमच्या रस्त्यांवर सांभाळणे शक्यही नाही. पहिले दहा दिवस ती हवेत होती. चाक बोलावले की येते, असे ती म्हणे. पूर्वी अडणारी एक उडी तिला त्या आठवड्यात सहज जमली, आणि मला ती पाहायला पहाटे साडेपाचला नेण्यात आले. मला उडीतले कळत नाही. पण उसळण्यापूर्वीच्या क्षणी सायकल तिच्या हाताखाली ज्या चटकन हलली, त्यात पूर्वीचा आटापिटा नव्हता, एवढे मलाही दिसले. अकराव्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्यालगत मागचा टायर कशावर तरी आपटला आणि बाजूने सव्वा इंच फाटला. सायकल खांद्यावर घेऊन ती चालत घरी आली. रडली नाही, दार मात्र जोरात लावले.

मला वाटले, आता अण्णा ‘मी सांगितले होते’ म्हणतील. मी असतो तर म्हणालो असतो. ते उठले, आपल्या लोखंडी पेटीतून काहीतरी काढून जमिनीवर बसले. पितळेचे, घडी होणारे एक लहान भिंग, खाली एक इंचाची चौकट. धागे मोजायचे भिंग. इतकी वर्षे ते याच घरात होते. फाटल्या जागी रबर नखाने सोलून त्यांनी धागा उघडा केला, भिंग तिरके धरले, आणि शिलाईच्या सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत मोजू लागले. नात शेजारी येऊन बसली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना डाव्या डोळ्याने धड दिसत नाही. तीसच्या पुढे गेले की चुकत आणि पुन्हा आरंभ करत. तिसऱ्या वेळी तिने भिंग घेतले आणि त्यांनी सुई.

‘साठ,’ ती म्हणाली.

‘दोन थरांचे एकशेवीस,’ अण्णा म्हणाले. ‘खोटे नाही छापलेले. पण सगळे सांगितलेही नाही.’

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने आतून जुन्या टायरच्या तुकड्याचे गेटर टाकून दिले. तेवढ्याने हळू फिरण्यापुरते काम भागते, उड्या मारता येत नाहीत. अण्णांनी सुचवले की भार मागच्या चाकावर पडतो, तेव्हा मागे जुना जड टायर चढवावा आणि पुढे हलका ठेवावा. मुलगी आधी नाही म्हणाली, दोन दिवसांनी तसेच केले. हलक्या टायरची कड तारेची नसल्याने ती हाताने निघते. जुना चढवताना मात्र तारेची कड रिमवर येईना. अण्णा बसल्या जागेवरून सूचना देत होते, मी दोन पाने धरून ओढत होतो आणि माझ्या बोटांचे सालटे निघाले.

रात्री जेवताना मी त्यांना विचारले, खात्यात त्यांची पहिली पाळी कोणती होती. त्यांनी मान वर केली, आणि थोडा वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले.

‘तिसरी,’ ते म्हणाले. ‘रात्रीची. का रे?’